स्टुलावरचा विणकर

मुलांसाठी चित्रांची पुस्तकं काढणाऱ्या माणसाला लोक एकच प्रश्न विचारतात. प्रेरणा कुठून मिळते? कागद कुठला वापरता, छापखान्यातून लाल रंग तपकिरी होऊन येतो त्याचं काय करता, एका पानावर किती ओळी ठेवल्या की सहा वर्षांचं मूल उठून पळत नाही, हे कोणी विचारत नाही. विचारलं तर मी तासभर बोलेन. पण नाही, प्रेरणाच हवी असते. आणि तीही ठरलेली हवी असते: तळ्याकाठचं बालपण, आजीच्या मांडीवरच्या गोष्टी, रानातली पाखरं. मागे तुमसरच्या एका शाळेत मी खरं उत्तर दिलं. म्हटलं, आठवीत असताना मला एका लेखिकाबाईंचा भयंकर राग आला होता, तो अजून पुरतोय. सगळे हसले. सूत्रसंचालन करणाऱ्या सरांनी ‘ताईंचा स्वभाव फार विनोदी आहे’ असं म्हणून माझ्या हातातला माइक काढून घेतला. मी विनोद केला नव्हता. तेव्हा एकदाचं सगळं इथे लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी प्रश्न आला की पान दाखवता येईल.

मोहाडीत आमचं घर विणकरांच्या गल्लीत होतं. पुढच्या खोलीत दोन माग, दोन्ही खड्ड्याचे. म्हणजे विणणारा माणूस जमिनीच्या पातळीवर बसतो आणि त्याचे पाय खाली खड्ड्यात, पावड्यांवर, म्हणजे पायानं दाबायच्या लाकडी पट्ट्यांवर. पुढून कोणी पाहिलं तर बाबा कमरेपासून वरच दिसत. त्यांना पाय आहेत हे जेवायला उठले की कळायचं. दुसरा माग बंद होता. त्याच्या खड्ड्यात उन्हाळ्यात आत्या पाण्याचं मडकं ठेवायची, कारण घरातली सगळ्यात गार जागा तीच. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. सासर सोडून आलेली, आणि का सोडलं हे विचारायची गल्लीत कोणाची हिंमत नसलेली. ती रहाटावर सुताच्या कांड्या भरायची आणि तोंड चालू ठेवायची. आई भात, लाखोरीच्या डाळीचं वरण आणि अंबाडीची भाजी करायची, आणि रविवारी वाळल्या झिंग्यांची चटणी, जिचा वास सोमवारी माझ्या दप्तराला यायचा. दिवसभर धोटा इकडून तिकडे पळायचा, फणी आपटायची, ठक् ठक्, ठक् ठक्. त्या आवाजात आम्ही झोपायचो, अभ्यास करायचो, भांडायचो. माग थांबला की मात्र आम्हाला जाग यायची.

सकाळी गल्लीत पाजणी चालायची. बांबूच्या घोड्यांवर लांबच लांब ताणा, म्हणजे उभं सूत, पसरायचा आणि त्याला भाताची खळ ब्रशानं लावायची, म्हणजे सूत ताठ होतं आणि मागावर तुटत नाही. आंबट खळीचा वास गल्लीला कायमचा चिकटलेला होता. हजारो धागे, त्यातले पाच-दहा तुटणारच. आणि गल्लीचा एक रिवाज होता: तुटलेला धागा ज्याला दिसला त्यानं तो जोडायचा. ताणा कोणाचा, काय, विचारायचं नाही. शाळेत निघालेलं पोर असो, बाजाराला निघालेली बाई असो, पिशवी खाली ठेवायची, दोन टोकं चिमटीत धरायची, पीळ द्यायचा, पुढे जायचं. आमच्या शेजाऱ्यांचं आणि बाबांचं सामाईक भिंतीवरून बोलणं बंद होतं. तरी त्या गृहस्थांना आमच्या ताण्यात तुटका धागा दिसला तर ते थांबून तो जोडायचे, आणि मग बाजूला थुंकून पुढे जायचे. मला वाटायचं, सगळं जग असंच चालतं. बिघडलेलं दिसलं की दुरुस्त करायचं. माझी पुढची सगळी फजिती या एका गैरसमजातून झाली.

आमच्या शाळेला सुमतीबाई नावाच्या नागपूरच्या लेखिकेनं आपलं पुस्तक भेट दिलं होतं. त्या निवृत्त शिक्षिका. गोष्ट स्वतः लिहायच्या, चित्रं स्वतः काढायच्या, छापूनही स्वतःच घ्यायच्या, आणि पिशवीत भरून शाळाशाळांत न्यायच्या. आमच्यासारख्यांच्या शाळेत रंगीत चित्रांचं पुस्तक म्हणजे अपूर्वाईच होती. हेडसरांनी ते काचेच्या कपाटात ठेवलं आणि दर शनिवारी एकेका वर्गाला पाहायला द्यायला सुरुवात केली. पुस्तक एका धाग्याच्या प्रवासाचं होतं. धागा कापसातून निघतो, बाजारात जातो, आणि नवव्या पानावर विणकराच्या घरी येतो. माझी पाळी आली, मी नववं पान उघडलं आणि बघतच राहिले. विणकर स्टुलावर बसला होता. उंच, तीन पायांच्या, पायपेटी वाजवणाऱ्या माणसाचं असतं तसल्या स्टुलावर. त्याचे दोन्ही पाय जमिनीवर निवांत टेकलेले होते. खड्डा नाही, पावड्या नाहीत. तो माणूस जन्मात एक वीत कापड विणू शकला नसता. आणि चेहऱ्यावर काय हसू!

दप्तरात काळ्या शाईची बाटली होती. चित्रकलेची सरकारी परीक्षा जवळ आली होती आणि मी त्या वर्षी बसणार होते. मी ब्रश काढला आणि स्टूल काळं केलं. स्टुलाच्या आजूबाजूची जमीनही काळी केली, म्हणजे झाला खड्डा. पाय तेवढे तसेच सोडले, त्यांच्याखाली दोन पावड्या काढल्या. पाच मिनिटांचं काम. फुंकर मारून वाळवलं, पुस्तक मिटलं, परत दिलं. कोणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही वाटलंच नाही. धागा जोडल्यावर कोणी घरी जाऊन सांगतं का?

तीन आठवड्यांनी सुमतीबाईंचं पत्र आलं. त्यांना पुढचं पुस्तक विणकरांच्या घरावर काढायचं होतं, त्यासाठी त्या बुधवारी मोहाडीला येणार, तीन दिवस एखाद्या विणकराच्या घरी राहणार आणि शनिवारी शाळेत आपलं पुस्तक वाचून दाखवणार. हेडसरांनी आनंदानं कपाट उघडलं, पुस्तक चाळलं, आणि अर्ध्या तासात मी त्यांच्यासमोर उभी होते. टेबलावर माझा परीक्षेचा फॉर्म होता, सही व्हायचा.

“हे कोणं केलं?”

“मी, सर.”

“काहून?”

“चुकलं होतं, सर.”

“चुकलं होतं! बाई नागपूरच्या, इतक्या शिकलेल्या, आन् त्यांचं चुकलं होतं! मंग तुले परीक्षा कायले पाह्यजे? तू तं आधीच पास होऊन बसली!” त्यांनी फॉर्म खणात टाकला. “बाई तुमच्याच घरी उतरणार हायेत. तुझ्या बापाले मी कळवलं. हे पुस्तक घेऊन जा, तूच त्यांना दाखव, माफी माग. शनिवारी मी फॉर्म घेऊन भंडाऱ्याले चाललो. त्यांनी माफ केलं तं सही, नाही तं बस पुढच्या वर्षी.”

पुढच्या वर्षी नववी. नववीत गेलेल्या आमच्या गल्लीतल्या मुली मी पाहत होते. एकीला स्थळ आलं, एकीला कांड्या भरायला बसवलं, एकीच्या आईला बरं नव्हतं. पुढचं वर्ष असतं यावर माझा भरवसा नव्हता. परीक्षा या वर्षीच व्हायला हवी होती. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक मी दप्तराच्या तळाशी घातलं आणि घरी कोणाला काही बोलले नाही.

बुधवारी बाई आल्या. एका हातात कपड्यांची बॅग, दुसऱ्या हातात पुस्तकांची, आणि खांद्याला रंगांची झोळी. साठीच्या, उंच, चष्मा दोरीला बांधलेला. आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं, “माझ्यासाठी काहीही वेगळं करू नका. तुम्ही रोज राहता तसंच राहा. मला सहज जे दिसेल तेच हवंय.” आणि मग तीन दिवस आम्हाला कोणालाही सहज राहू दिलं नाही.

बाबांनी धोटा फेकला की त्या ओरडायच्या, “तसेच थांबा!” बाबा हात हवेत धरून थांबायचे. माग थांबला की घरातल्या सगळ्यांना जाग येते हे मी वर सांगितलंच. त्या तीन दिवसांत आम्ही सतत दचकत होतो. बाबा लग्नाचं लुगडं विणत होते, करवती काठाचं, आणि सोमवारी ते उतरवून द्यायचं होतं. “हलू नका हं,” बाई म्हणायच्या. बाबा दबक्या आवाजात म्हणायचे, “बाई, मी हाललो नाही तं लुगडं कसं हालन?” आईनं वाढलेलं ताट बाई आधी चितारायच्या, मग जेवायच्या. अंबाडीची भाजी थंड होऊन घट्ट व्हायची आणि आई चुलीपाशी बसून भांडी आपटायची. शिवाय चित्रात त्यांनी आमच्या कौलांवर मोर बसवला.

“मोर काहून काढला जी?” आत्यानं विचारलं.

“मुलांना आवडतो.”

“आमच्या घरावर माकडं येतात. कौलं फोडतात. ते काढा नं.”

बाईंनी मोर ठेवला. मग त्या आत्याकडे गोष्टींसाठी वळल्या. वही उघडून, चष्मा लावून म्हणाल्या, “तुमच्या आजी लहानपणी काय काय गोष्टी सांगायच्या?”

“गोष्टी?” आत्यानं रहाट थांबवला. “आमची आजी गोष्टी नाही सांगत होती. शिव्या देत होती. सांगू का?”

आई स्वयंपाकघरातून ओरडली, “पोरगी बसली हाये तिथं!” आणि बाईंनी वही मिटली.

आज त्यांच्या वयाजवळ येताना मला कळतं, की ती बाई मनापासून राबत होती. पहाटे उठून गल्लीत पाजणी बघायला जायची, तीन दिवसांत पाच वह्या भरल्या. पण समजून घेतल्यानं वैताग कमी होतो असं नाही. मी स्वतः आता लोकांच्या घरी वही घेऊन जाते, तेव्हा माग थांबवत नाही, ताट गरम असताना खाते, आणि कौलांवर माकडंच काढते. पालक विचारतात, माकडापेक्षा मोर बरा नव्हता का? मग विचारतात, या गोष्टीत बोध काय? मी म्हणते, कौलं फुटतात.

माफीचं माझं रोज राहून जात होतं. गुरुवारी संध्याकाळी बाई अंगणात एकट्या बसल्या होत्या, तेव्हा मी दप्तर घेऊन गेले. कुठून सुरुवात करावी कळेना, म्हणून विचारलं, “तुम्ही पुस्तकं कायले काढता जी?”

मला वाटलं, फुलपाखरं निघतील. पण त्या पटकन म्हणाल्या, “वैताग आला म्हणून. तीस वर्षं शाळेत शिकवलं. मुलांच्या हातात येणाऱ्या प्रत्येक चित्रात धुराडं असलेलं घर आणि अंगणात बर्फ. नागपूरच्या उन्हात बर्फ! ज्यानं काढलं त्याला कोणी विचारलं नाही आणि मुलांनीही विचारलं नाही. एक दिवस म्हटलं, पुरे. आपणच काढू. कोणी छापायला तयार होईना, मग छापलंही मीच.”

तीन दिवसांत त्यांच्या तोंडून निघालेलं सगळ्यात शहाणं वाक्य होतं ते. आणि त्याच क्षणी मला त्यांचा सगळ्यात जास्त राग आला. बर्फ चुकीचा हे ज्या बाईला कळतं, तिनं विणकराला स्टुलावर बसवावं? हे तोंडावर आलं होतं. बाहेर पडलं ते, “चहा आणू?”

शुक्रवारी संध्याकाळी बाबा पाय मोकळे करायला गेले, आई-आत्या पाण्याला. मी मागच्या अंगणात भांडी घासत माफीची वाक्यं जुळवत होते. पुढच्या खोलीतून मागाचा आवाज आला. ठक्. मग पुन्हा ठक्, पण हा वेगळाच, दबका, जाडा. मग शांतता. मला काय झालं असावं ते कळायला हवं होतं, पण मी माझ्या वाक्यांत होते. पुढे आले तेव्हा बाई ओट्यावर बसून मान खाली घालून चित्र काढत होत्या आणि मागावर नेहमीसारखं फडकं झाकलेलं होतं.

शनिवारी सकाळी बाबांनी ते फडकं उचललं. त्यांनी आम्हाला बोलावलं. आम्ही जाऊन पाहिलं. धोटा ताण्यात अर्ध्यावर अडकलेला, त्यावर फणी आपटलेली, आणि काठाजवळचे वीस-पंचवीस धागे तुटून लोंबत होते.

“हे कोणं केलं?”

“मी तं नाही बाप्पा,” आत्या म्हणाली. “मी पाण्याले गेली होती.”

बाई दारात उभ्या होत्या. “मी केलं. काल बसून बघितलं. विणताना हाताला कसं वाटतं ते कळावं म्हणून.”

बाबा रागावले की आवाज चढवत नसत. उलट फार हळू बोलत. “तं सांगाचं नाही का, बाई? तुटला तं तुटला, सगळ्यांच्याच हातून तुटते. पण रातभर तसाच पडून राहिला नं. आता ढिले झाले सगळे. एक-एक शोधा लागन.”

“मला वाटलं, तुमची वस्तू. न विचारता आणखी हात लावला तर जास्त बिघडायचं. आणि सांगायची… लाज वाटली.”

“तुम्ही नका लावू हात. आवाज तं द्या! इथं रस्त्यानं जाणारा माणूसबी धागा जोडून देते.”

“तुम्हाला न विचारता?”

“कायले विचाराचं? तुटला दिसला तं जोडाचा.”

इतका चांगला मुहूर्त पुन्हा आला नसता. मी दप्तर ओतलं, वर्तमानपत्र फाडलं, नववं पान उघडून बाईंच्या हातात दिलं. “मंग मीबी तेच केलं,” मी म्हणाले. “तुमचा विणकर स्टुलावर होता. मी नीट केला. न विचारता.”

बाई खाटेवर बसल्या. पुस्तक जवळ नेलं, लांब नेलं, चष्मा काढून पाहिलं. “या चित्रात चार महिने गेले माझे,” त्या म्हणाल्या.

“चुकीचे गेले,” आत्या म्हणाली.

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला तेव्हा कळलं नाही. आता ओळखीचं आहे. गेल्या वर्षी आंबागडच्या चौथीतल्या एका मुलीनं मला पत्रानं कळवलं, की मोहफुलं वेचायच्या आधी झाडाखालची जागा झाडून साफ करतात, आणि तुमच्या चित्रात तर सगळा पालापाचोळा आहे, मग फुलं दिसतील कशी? अक्षर वाकडं, मुद्दा सरळ. दोन दिवस मला तिचा राग होता. बरोबर असणाऱ्या लहान मुलीइतकं चीड आणणारं दुसरं काही नसतं.

एवढ्यात बाबांनी पुस्तक स्वतःकडे ओढून घेतलं. मला वाटलं, आता आपली बाजू घेतील. त्यांनी चित्रावर बोट ठेवलं. “पाय चुकले.”

“कोणाचे?” मी विचारलं.

“तुझ्या विणकराचे. दोन्ही पाय बराबरीत खाली. एक पावडी खाली गेली की दुसरी वर येते, तेव्हा ताण्याचं तोंड उघडते. असे दोन्ही दाबले तं धोटा जाईन कुठून? घरात माग असून पोट्टीले पाय माहीत नाही!” आणि ते वैतागून खड्ड्यात उतरले आणि तुटके धागे शोधायला लागले. मला रडू आलं ते हेडसरांच्या फॉर्मसाठी नाही, या वाक्यासाठी. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, पण माफ केलं की नाही ते बोलल्या नाहीत. मीही माफी मागितली नाही. आईनं दोघींच्या हातात चहाचे कप दिले आणि सांगितलं, शाळेची वेळ झाली.

शाळेत बाईंनी आपल्याजवळची कोरी प्रत वाचून दाखवली. चांगलं वाचायच्या, मुलं गप्प होती. नववं पान आलं तेव्हा त्या थांबल्या, चित्राकडे पाहिलं आणि ते न दाखवता पान उलटलं. “चित्र दावा नं बाई!” पुढच्या पोरांनी गिल्ला केला. बाईंनी दाखवलं नाही. कार्यक्रम संपल्यावर हेडसरांनी खिशातलं पेन न काढताच विचारलं, “मागितली का हिनं माफी?”

“नाही,” बाई म्हणाल्या. खोटं बोलायला त्यांना काय झालं होतं? सरांनी फॉर्मांचा गठ्ठा काखेत मारला, माझा बिनसहीचा फॉर्म सगळ्यात वर, आणि स्टँडकडे चालू लागले. भंडाऱ्याच्या त्याच एसटीनं बाईही जाणार होत्या. तिथून पुढे दिघोरीच्या शाळेत सोमवारी त्यांचा कार्यक्रम होता. बाबा बाईंचं सामान सायकलवर लादून आले होते. मी मागून चालत गेले. का गेले ते सांगता येणार नाही. फॉर्म सरांच्या काखेत होता म्हणून असेल.

स्टँडवर बाई बाकावर बसल्या आणि त्यांनी शाळेची प्रत मागितली. मी दिली. त्यांनी पिशवीतून कोरी प्रत काढून माझ्यापुढे धरली. “ही शाळेला दे. ती खराब झालेली मी घेऊन जाते.”

“नाही,” मी म्हटलं. “मंग कपाटात पुन्हा स्टूलच येईन.”

“मंदे!” बाबा आणि हेडसर एकदमच ओरडले.

बाईंनी कपाळाला हात लावला. “अगं बाई, माझ्याकडे दुसरी कुठली आहे का? ह्या पिशवीत एकतीस प्रती आहेत आणि एकतीसच्या एकतीस स्टुलावर बसल्यात!” मग त्या पिशवीकडे पाहत राहिल्या. दिघोरीच्या शाळेतली विणकरांची, शेतकऱ्यांची पोरं त्यांना दिसली असावीत. किंवा नसतीलही, मी उगाच चांगले विचार त्यांच्या डोक्यात घालत नाही. त्यांनी झोळीतून शाई आणि दोन ब्रश काढले. “बस इथे. सर, गाडीला वेळ किती आहे?”

“अर्धा तास. पण ती कधी वेळेवर…”

“ही मुलगी ही सगळी चित्रं दुरुस्त करेल. झाली तर मी माफ केलं. विचारायला हवं होतं तिनं, ते मी सोडणार नाही. पण पाय बरोबर पाहिजेत. भाऊ, तुम्ही सांगा पाय.”

बाबांनी सायकल भिंतीला टेकवली आणि उकिडवे बसले. डावा पाय वर दिसायचा तर काय करायचं, काढलेला पाय झाकायला पांढरा रंग तर नाही, यावर बाई आणि बाबा भांडले. शेवटी बाबांनीच तोडगा काढला: डाव्या पायाचा खालचा भाग खड्ड्याबरोबर काळा करायचा, वर थोडाच सोडायचा, म्हणजे तो उचलल्यासारखा दिसतो. पहिल्या दोन प्रती बिघडल्या. तिसऱ्या प्रतीतला विणकर खरोखर विणू लागला. एक ब्रश मी, एक बाई. वाळायला पुस्तकं उघडी करून बाकावर, सायकलच्या कॅरिअरवर, शेवटी जमिनीवर मांडली. कोंबड्या आल्या. हेडसर आधी दूर उभे राहिले, मग शाईची बाटली कलंडायला लागली तेव्हा त्यांनी ती धरली, आणि एकदा धरल्यावर त्यांना सोडता येईना.

“जाड लावू नको, पाठीमागं उमटते,” बाबा म्हणत होते.

“लवकर, लवकर,” बाई म्हणत होत्या.

“बाई, या प्रतीत तुम्ही उजवा पाय झाकला.”

“मग याला डावरा समजा!”

“डावरा असून पाय बदलत नाही, बाई!”

आमच्या त्या एसटीनं जन्मात कधी वेळ पाळली नव्हती. त्या दिवशी पाळली. धूळ उडवत येऊन उभी राहिली, कंडक्टरनं दार बडवलं. मी मोजलं. चोवीस झाल्या होत्या, सात राहिल्या होत्या. मी हेडसरांकडे पाहिलं. हेडसरांनी बाईंकडे. बाई ओली पुस्तकं मधे वर्तमानपत्र घालून पिशवीत कोंबत होत्या आणि त्यांच्या हनुवटीला शाई लागली होती.

“सात बाकी हायेत,” मी म्हणाले. मीच म्हणाले, मोजणारी मीच होते.

“कळतंय मला!” बाई खेकसल्या. “सर, तुम्ही सही करा हो. उभे काय राहिलात?”

सरांच्या एका हातात बाटली, दुसऱ्यात गठ्ठा. बाबांनी पाठ वाकवली, सरांनी बाटली माझ्याकडे दिली आणि माझा फॉर्म बाबांच्या पाठीवर ठेवून सही केली. बोटांची शाई फॉर्मला लागली. “जा तुम्ही सगळे,” ते म्हणाले, “मले वेड लावलं तुम्ही,” आणि गाडीत चढले. बाईंनी खिडकीतून मला शाळेची प्रत परत दिली, माझीच, चुकीच्या पायांची. काहीतरी बोलल्याही, पण कंडक्टरनं घंटी मारली आणि ऐकू आलं नाही. बाबा लगेच सायकलवर बसले. त्यांचे अजून नऊ धागे जोडायचे होते आणि सोमवारी लुगडं उतरवायचं होतं.

परीक्षेत मला साधारण गुण मिळाले, आणि नववीत मला कोणी घरी बसवलं नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध किती, ते मी आजवर ठरवू शकलेले नाही. सुमतीबाईंची पुन्हा भेट झाली नाही. पण त्या सात प्रतींचा विचार मी अजूनही करते, विशेषतः कोणी प्रेरणेबद्दल विचारलं की. दिघोरीकडे गेल्या, तिथून पुढे कुठे गेल्या माहीत नाही. कुठल्या तरी शाळेच्या कपाटात तो माणूस अजून स्टुलावर बसून हसत असणार. कोणाला सापडला तर काळी शाई घ्या, स्टूल झाका, डावा पाय वर ठेवा. आणि परवानगी मागत बसू नका, गाडी निघून जाते.